अकिनसान्यांची चौकशी

४ मार्च २०२५, मंगळवार

निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने निरोपाला ही डायरी दिली होती. वर्षभर कोरीच पडली होती, कारण माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय.

परवा अनया जेवायला आली आणि वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, आयोने विचारलं. आय सेड येस."

आयो म्हणजे आयोडेले अकिनसान्या. तिच्याच हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. दीड वर्ष 'मित्र' म्हणून आमच्याकडे पार्सिपनीला येतोय. उंच, शांत मुलगा. दारात बूट काढतो, मृणालिनीची साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतो. घरची माणसं नायजेरियाची, योरुबा जमातीची. वडिलांचा मालवाहतुकीचा धंदा आहे, इथून अर्ध्या तासावर, अर्व्हिंग्टनला. एवढंच मला ठाऊक.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आमटी वाढ."

अनया माझ्याकडे बघत राहिली. "से समथिंग, बाबा."  तीस वर्षं इथे अमेरिकेत औषधाच्या कंपनीत क्वालिटी विभागात काढली, गोळ्यांची बॅच पास का फेल हे दहा मिनिटांत सांगायचो. आणि एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं तर मला राग आलाय, आनंद झालाय का भीती वाटतेय, तेच दोन दिवस ठरत नाही.

९ मार्च, रविवार

ठरवलं. चौकशी करायची. मृणालिनीच्या स्थळाच्या वेळी आमच्या बाबांनी चार गावांतून केली होती, तिच्या मामांनी तर माझ्या कॉलेजच्या मेसवाल्यापर्यंत मजल मारली होती. मुलगी द्यायची तर घर बघायला नको? मृणालिनी हसत सुटली. म्हणाली, "अहो, इथे कोणाला विचारणार? अर्व्हिंग्टनमध्ये आपल्या ओळखीचा एक माणूस नाही."

हे मात्र खरं. मराठी मंडळातल्या मित्राला, राजीवला विचारलं, त्याची ओळख एडिसनच्या देशी वस्तीपलीकडे जात नाही. म्हणजे स्वतःच जायला हवं.

१२ मार्च, बुधवार

जाऊन आलो. कामगिरी फत्ते, निदान पहिला टप्पा.

गोदाम मोठं आहे. जिकडेतिकडे माणसाच्या कमरेएवढी निळी प्लास्टिकची पिंपं. लोक त्यात तांदूळ, साबण, बूट, मुलांचे कपडे, काय वाटेल ते ठासून भरतात, वर झाकण ठोकतात, आणि अकिनसान्या ती पिंपं जहाजाने नायजेरियात लागोसला पोचवतात. मी गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो. नाव मि. राव सांगितलं. पुण्याला पिंप पाठवायचंय म्हटलं.

आतून एक धिप्पाड, साठी ओलांडलेले गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. हेच रोतिमी अकिनसान्या. माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. (ते इंग्रजीतच बोलतात, मी मराठीत उतरवतोय.) "मि. राव, आम्ही फक्त लागोसला पाठवतो. पण आला आहात तर बसा."

खुर्ची मागवली, स्वतः पुसली. चहा आला, तोही दुधाचा. म्हणाले, "तुमच्या लोकांना दुधाचा लागतो ना?" एवढा आदरसत्कार गिऱ्हाइकाचा? धंदा मंदीत असावा, हे मी मनात नोंदवलं.

मीच बोलतं केलं त्यांना. एक्क्याण्णव साली आले. दिवसा पार्किंगच्या इमारतीत पावत्या फाडायच्या, संध्याकाळी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालायच्या. आईसाठी पहिलं पिंप भरलं त्याला आठ महिने लागले. ते पोचल्यावर शेजारणीने विचारलं, माझ्या बहिणीला पण पाठवायचंय, तुम्ही कसं पाठवलंत? तिथून धंदा सुरू झाला. पुढे धाकटा भाऊ कायोडे आला आणि दोघांनी मिळून हे गोदाम घेतलं. भावाचं नाव आलं तशी त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. भागीदारीत काहीतरी बिनसलं असणार. हेही नोंदवलं.

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. गाव कोणतं, वडील काय करायचे, आई कधी गेली, मुलं किती, भाऊ किती. चांगलेच बडबडे आहेत. मी बेतानेच सांगितलं. भावाचं विचारलं तेव्हा "एकही नाही" म्हटलं. ते "अच्छा" म्हणाले आणि चहाकडे बघत बसले.

एक गोष्ट विचित्र. तासाभरात चार वेगवेगळ्या तरुण मुलामुलींनी त्यांना 'डॅडी' म्हणून हाक मारली. अनयाच्या सांगण्यावरून मला तीन मुलं ठाऊक होती, आणि आयो तर या चौघांत नव्हताच.

निघताना गाडीपर्यंत सोडायला आले. "जपून चालवा, मि. राव. पार्सिपनीपर्यंत ट्रॅफिक असेल." पार्सिपनीचं मी बोललो नव्हतो. काचेवर पार्किंगचा स्टिकर आहे, त्यावरून ओळखलं असावं. माणूस हुशार आहे.

१३ मार्च, गुरुवार

मृणालिनीने विचारलं, "मग? कसे आहेत?"

मी म्हटलं, "आवडले." आणि तेच तर खटकतंय. चौकशीला गेलेल्या माणसाला समोरचा इतक्या लवकर आवडता कामा नये.

२२ मार्च, शनिवार

हे लिहितानाही हात कचरतोय.

आज पुन्हा अर्व्हिंग्टनला गेलो. आत गेलो नाही, समोर गाडी लावून बसलो. दुपारी बाराला ते निघाले. व्हॅनमध्ये तांदळाची पोती, तेलाचे कॅन, एक नवी सायकल. मी मागे मागे. दहा मिनिटांवर एका घरासमोर थांबले. दार एका बाईने उघडलं. पन्नाशीची, देखणी. तिने दारातच गुडघे टेकून त्यांना नमस्कार केला. बायको असा नमस्कार करते? आत गेले ते चार तास. मधे एकदा बाहेर येऊन अंगणातलं गवत कापलं, गटाराची जाळी साफ केली. एक शाळकरी मुलगी पायरीवर बसून त्यांना गणितं विचारत होती, तीही डॅडी डॅडी करत होती. खिडकीतून मला भिंतीवर मोठा फोटो दिसला, त्यात तेच होते. लांबून तरी तेच वाटले, थोडे बारीक.

आणि त्यांची बायको मोरेनिके तर ईस्ट ऑरेंजला राहते. तो पत्ता माझ्याकडे आहे.

म्हणजे दोन घरं. दोन बायका. कोणाला सांगू? मृणालिनी म्हणाली, "त्यांनाच सरळ विचारा." असं कसं विचारायचं? आणि मी मि. राव आहे.

२३ मार्च, रविवार

अनयाला सांगितलं. बापाचं कर्तव्य म्हणून सांगितलं. फोनवरच.

"बाबा, यू फॉलोड हिम?"

"ते महत्त्वाचं नाही. ते दुसरं घर..."

"ते आयोचं घर आहे! ती आयोची आई आहे, बिसी आंटी. आयो कायोडे अंकलचा मुलगा. ही डाइड, बाबा. आयो पंधरा वर्षांचा होता. तेव्हापासून रोतिमी अंकलने चारही मुलांना वाढवलं. त्यांची तीन, ही चार. ते सगळ्यांचेच डॅडी आहेत. मी हे सगळं तुम्हाला थँक्सगिव्हिंगला सांगितलं होतं. यू वेअर ऑन युअर फोन."

फोन ठेवला. मी पुन्हा लावला, उचलला नाही.

थँक्सगिव्हिंगला मी फोनवर काय बघत होतो ते मला अजिबात आठवत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

अनयाचा फोन नाही. मृणालिनीशी बोलते, मी जवळ आलो की "आय हॅव टू गो" म्हणते.

१ एप्रिल, मंगळवार

नाही.

६ एप्रिल, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात रोतिमी अकिनसान्या, पायघोळ पांढऱ्या पोशाखात. बरोबर मोरेनिके, हातात मधाची बाटली. आणि रोतिमींच्या खांद्यावर एक खोकं, त्यात आपल्या कोनफळासारखे पण हातभर लांब कंद.

"गुड आफ्टरनून, मि. राव," ते म्हणाले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मृणालिनीने आत बोलावलं, पन्हं दिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"तुम्ही गोदामात आलात त्या दिवशीच मी ओळखलं. आयोच्या फोनमध्ये तुमचा फोटो आहे. मी घरी जाऊन हिला म्हटलं, मुलीचा बाप चौकशीला आला होता, आता मला काळजी नाही. जो चौकशी करत नाही त्याला मुलगी जड झालेली असते. माझ्या गावी तर माणूस पाठवतात, तो महिनाभर विचारत फिरतो. तुम्ही स्वतः आलात. माझ्या व्हॅनच्या मागे आलात." ते इतके हसले की टीपॉय हलला. "इतकं जवळून कोणी आलं तर आरशात दिसतं, सर."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"तुमचं काम चालू होतं. आणि माझंही चालू होतं. मीही तुमची चौकशी केली."

त्यांनी कोणाला सोडलं नाही! भारतीय किराण्याचं दुकान, आमचा डेंटिस्ट, माझ्या जुन्या ऑफिसचा सिक्युरिटीवाला, गणपतीत मोदक विकणाऱ्या मंडळातल्या बायका. सगळे चांगलं बोलले म्हणे. हट्टी आहे, पण सरळ आहे. "फक्त एक गोष्ट मला समजली नाही. तुम्हाला भाऊ आहे. निमिष. इथेच अमेरिकेत, पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला. तुम्ही मला म्हणालात, एकही नाही."

मृणालिनी उठून आत गेली.

मी म्हटलं, आमचं अकरा वर्षं बोलणं नाही. त्याचा लग्नाशी संबंध नाही.

रोतिमींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "सर, आमच्यात आधी ओळखीचा कार्यक्रम असतो. दोन्ही घरांची माणसं समोरासमोर बसतात. माझ्याकडून चाळीस येतील. माझी आई चौऱ्याऐंशीची आहे, इबादानहून फोनवर बघेल, आणि पहिला प्रश्न विचारेल, मुलीचा काका कोणता? मी काय सांगू? मी स्वतः काका आहे. माझा भाऊ गेला त्या दिवशी मी त्या घरी गेलो आणि चार मुलांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं काका कशाला असतो ते. काका नसला तर मुलीला एकच बाप उरतो. तो पुरत नाही. त्यांना बोलवा. चौदा जून धरून ठेवतो. नाहीतर थांबू. मला घाई नाही."

जाताना मोरेनिके मृणालिनीला मिठी मारून काहीतरी बोलली. मला कोणी काही बोललं नाही.

कंद अजून ओट्यावर आहेत. मृणालिनीने एकाच्या काचऱ्या केल्या. चांगल्या झाल्या.

७ एप्रिल, सोमवार

हा कोण लागून गेला मला सांगणारा? माझ्या भावाशी मी बोलावं की नाही, हे पिंपवाल्याने ठरवायचं?

एकदाचं लिहूनच टाकतो. बाबांना विस्मरणाचा आजार झाला तेव्हा मी इथे, निमिष पुण्यात. चार वर्षं त्याने घरी सांभाळलं, ते मान्य. मग बाबा घराबाहेर निघून जायला लागले तेव्हा त्याने त्यांना कोथरूडच्या एका केंद्रात ठेवलं. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, पण तेव्हा मला काय पर्याय होता? दोन वर्षांनी त्याला बेलव्ह्यूची नोकरी मिळाली आणि तो गेला. सहा आठवड्यांत बाबा गेले. तेराव्याला मी सगळ्या नातेवाइकांसमोर त्याला म्हटलं, "तू बाबांना टाकून पळालास." तो काही बोलला नाही. उठून गेला. बोलण्यासारखं असतं तर बोलला असता.

आणि माझ्याकडे पुरावा आहे. केंद्रातल्या मावशी त्या दिवशी स्वतः येऊन मला म्हणाल्या, "आजोबा रोज सांगायचे, अरुण येतो, अरुण भरवतो. धाकट्याचं नावसुद्धा काढायचे नाहीत." मी अमेरिकेत असूनही बाबांच्या मनात रोज त्यांच्याजवळ होतो. एवढ्यावर मी अकरा वर्षं काढलीत. जवळ राहूनही ज्याचं नाव बापाच्या तोंडी येत नाही, त्याने काय सांभाळलं असेल?

१६ एप्रिल, बुधवार

तोडगा सुचला. त्यांच्यात सगळेच एकमेकांचे भाऊ, सगळेच मुलांचे डॅडी. मग आमच्यात काय कमी आहे? अनया मंडळातल्या सगळ्यांना काकाच म्हणते. राजीवकाका तर तिला डायपरमध्ये असल्यापासून बघतोय. राजीवला विचारलं, तो लगेच तयार झाला. वर म्हणाला, "यार अरुण, मी येतो, फेटा पण बांधतो. पण निमिषला एक फोन टाकायला तुझं काय जातं?"

गोदामात जाऊन रोतिमींना सांगितलं. ते एका पिंपात बूट भरत होते, काम न थांबवता ऐकलं.

"राजीव चांगले आहेत. त्यांनाही आणा. ते मोदकवाल्या बाईंचे यजमान ना?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "कायोडेशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो, सर. एका कंटेनरवरून भांडण झालं होतं. चूक माझी होती. मी ठरवलं होतं की ईस्टरला जाऊन सांगेन. ईस्टरच्या आदल्या मंगळवारी तो गेला. सत्तेचाळीसचा होता. दर शनिवारी जातो ना मी तिथे, गवत कापायला? मला ते अजून सांगायचंय त्याला."

 त्यांनी माझ्या हातात एक बूट दिला, "याची जोडी शोधा जरा," म्हणाले. मी शोधली. तासभर बूट जुळवले. काय चाललंय माझं, काही कळत नाही.

२७ एप्रिल, रविवार

अनया आली. पाच आठवड्यांनी. आधी फक्त चहा प्यायली. मग म्हणाली, "बाबा, मला ओरडायचं नाहीये. आयो म्हणतो, डॅडीने हो म्हटल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. आणि डॅडी तुमची वाट बघतायत. आय थिंक ही विल वेट फॉरेव्हर. ते तसेच आहेत."

मी म्हटलं, "तुला निमिष आठवतो तरी का?"

"मला सायकल त्यानेच शिकवली पुण्यात. यू वेअर सपोज्ड टू कम दॅट समर." तिचे डोळे भरले. "तुम्ही आला नाहीत तरी मी लग्न करेन, बाबा. पण मला तसं करायचं नाहीये. प्लीज."

तो उन्हाळा मला आठवतो. कंपनीत ऑडिट होतं.

४ मे, रविवार

अकरा वाजता फोन लावला, तिथले आठ. तीनदा नंबर काढून तीनदा ठेवला होता. स्वानंदीने उचलला, निमिषची बायको.

"भाऊजी?" आणि मग लगेच, "बरे आहात ना तुम्ही? वहिनी बऱ्या आहेत?"

मी म्हटलं, अनयाचं लग्न आहे.

"माहितीये. त्या अकिनसान्यांचा फोन येतो ना दर रविवारी. महिना झाला. यांच्याशी अर्धा अर्धा तास बोलतात. आम्हाला वाटलं, तुम्हीच नंबर दिलात."

दर रविवारी! माझ्या पाठीमागे! मी संतापलो, पण कोणावर ते कळेना. तेवढ्यात निमिष आला फोनवर. आवाज बाबांसारखा झालाय.

"दादा."

"चौदा जूनला ये," मी म्हटलं.

"येतो. अनयासाठी येतो."

तुझ्यासाठी नाही, असं तो म्हणाला नाही. पण मी ऐकलं.

११ मे, रविवार

रोतिमींना जाब विचारायला गोदामात गेलो. ते म्हणाले, "मी फक्त त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होतो." निमिष काय काय बोलला ते विचारलं. "ते मी सांगणार नाही. ते सांगतील."  घरी येताना त्यांनी मला गुलबक्षी रंगाचं कापड दिलं, आम्हा सगळ्यांना एकाच ठाणातलं. म्हणे त्या दिवशी अख्ख्या घराने सारखंच घालायचं असतं. मृणालिनीने विचारलं, "निमिषभाऊजींचं माप?" रोतिमींनी तेही घेतलं होतं.

१३ जून, शुक्रवार

विमानतळावर आणायला एकटाच गेलो. निमिषचे केस सगळे पांढरे झालेत. छप्पन्नचा आहे. स्वानंदी आणि त्यांची मुलगी आन्या मागे बसल्या, तो माझ्या शेजारी. वीस मिनिटं आम्ही फक्त रस्त्यावरच्या कामाबद्दल बोललो.

मग मला राहवलं नाही. मला काय हवं होतं कोण जाणे. त्याने माफी मागावी, असंच असेल. मी म्हटलं, "त्या मावशींनी मला सगळं सांगितलं होतं तेव्हा. बाबा रोज माझंच नाव घ्यायचे."

निमिष खिडकीबाहेर बघत होता. "हो. घ्यायचे."

"अरुण येतो, अरुण भरवतो."

"मीच जायचो, दादा. ऑफिस सुटल्यावर, सहा वाजता. दोन वर्षं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, अरुण ना रे तू? मी म्हटलं, नाही बाबा, निमिष. तर रडायला लागले, जेवेचनात. अरुण कधी येणार, अरुण कधी येणार. तीन दिवस तसं झालं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, हो बाबा, अरुणच. मग जेवले. पुढे अरुणच झालो मी."

मागून स्वानंदी म्हणाली, "नोकरीवर आठ महिने उशिरा गेले हे. त्यासाठीच."

गाडी उजवीकडे घेऊन थांबवली. मला नीट दिसत नव्हतं. मी विचारलं, "तेराव्याला का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर मी तुला..."

"सांगणार होतो. पण दादा, बाबांचं तेवढंच तुझ्याजवळ होतं. ते कशाला काढून घ्यायचं?"

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. चौसष्टाव्या वर्षी, हायवेच्या कडेला, पुतणीसमोर. माफ कर म्हणायचं होतं. ते राहूनच गेलं. आन्याने मागून टिश्यूचा डबा पुढे केला. मग निमिष म्हणाला, "मी चालवू का?" त्याने चालवली.

१५ जून, रविवार

काल जे झालं ते अजून मला नीट लावता येत नाही. झालं तसं लिहितो.

हॉल गच्च भरलेला. एका बाजूला आमचे अकराजण गुलबक्षी रंगात, राजीवने खरंच फेटा बांधलेला. समोर अकिनसान्यांचे चाळीस, निळ्यात. मधे मोठा गालिचा. भिंतीवरच्या पडद्यावर इबादानची आजी. आजीने सगळ्यात आधी विचारलं, काका कोणता? निमिष उभा राहिला. आजीने हात जोडले.

मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी, डोक्यावर हिरव्या कापडाचा हा भला मोठा फेटा, मुलाकडच्या पुरुषांना पुढे बोलावलं. आयो, त्याचे भाऊ, मित्र आणि सगळ्यांत पुढे रोतिमी. आणि सगळेच्या सगळे गालिच्यावर सपशेल पालथे पडले. कपाळ जमिनीला. योरुबा पुरुष मुलीच्या माणसांना असाच नमस्कार करतात, आणि ते उठा म्हणेपर्यंत उठायचं नसतं. बाई आम्हाला ओरडून सांगत होत्या, "एवढ्यात उठवू नका! तुमची मुलगी स्वस्त आहे का?" सगळे हसत होते.

मी रोतिमींकडे बघत होतो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, सात मुलांचा बाप, इस्त्रीचे कपडे घालून माझ्या धाकट्या भावाच्या पायांशी पालथा पडला होता. आणि त्यात त्याला काहीही कमीपणा वाटत नव्हता. आमच्यात मोठा भाऊ धाकट्यापुढे वाकत नाही. वाकायची रीतच नाही. मी वाकणार तरी कसा होतो?

मी खुर्चीतून उठलो. मृणालिनीने माझा कुर्ता धरला, तो सोडवला. गालिच्याला वळसा घालून पलीकडे गेलो, रोतिमींच्या शेजारी जागा होती तिथे गुडघे टेकले, हात टेकले आणि पालथा झालो.

"सर! सर!" बाई माइकवर ओरडल्या. "तुम्ही मुलीचे वडील! तुम्ही चुकीच्या बाजूला आहात!"

हॉल हसून हसून कोसळला. रोतिमींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ते हसत नव्हते. हळूच म्हणाले, "ते उठा म्हणेपर्यंत उठू नका."

गालिच्याला नाक लावून मी पडून राहिलो. हसणं हळूहळू थांबलं. कोणाला काय कळलं मला माहीत नाही. मला फक्त निमिषचे बूट दिसत होते. ते बराच वेळ हलले नाहीत. मग तो माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. 

"दादा, ऊठ," तो म्हणाला. "ऊठ ना. झालं आता."

माझा गुडघा धरला होता, मला एकट्याला उठता येईना. एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने रोतिमींनी उठवलं.

बाईंनी डोळे पुसत माइक माझ्यापुढे धरला. मुलगी देता का? मी निमिषकडे बोट दाखवलं. याला विचारा. निमिषने माझ्याकडे बघितलं, अनयाकडे बघितलं, आणि म्हणाला, "हो."

निमिष-स्वानंदीचं परतीचं तिकीट आज दुपारचं होतं. निमिषने सकाळी चहा पिता पिता ते कॅन्सल केलं.